तळ्याचा तळ

मराठीत ‘तळ’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. पाण्याखालची जमीन म्हणजे तळ, आणि सैन्य जिथे मुक्काम ठोकते तोही तळच. कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स हवाई तळाचा इतिहास वाचू लागल्यापासून माझ्या मनात हे दोन अर्थ वेगळे राहिलेले नाहीत, कारण हा लष्करी तळ अक्षरशः एका तळ्याच्या तळावर उभा आहे. तळे कोरडे आहे. वर्षातील बहुतेक दिवस त्यात पाण्याचा थेंबही नसतो. तरीही या तळाचा जवळजवळ एक शतकाचा इतिहास त्या तळ्यानेच घडवला, असे माझे ठाम मत आहे आणि आजचे लेखन त्यासाठीच आहे.

लहानपणी एका जुन्या मासिकात मी कोलंबिया या अवकाशयानाचे जमिनीवर उतरतानाचे छायाचित्र पाहिले होते. यानाच्या चाकांमागे धुळीचा लोट उठला होता आणि त्याच्याखाली मला ओळखीची अशी धावपट्टी कुठेच दिसत नव्हती. डांबर नव्हते, काँक्रीट नव्हते, नुसती क्षितिजापर्यंत पसरलेली पिवळसर सपाट जमीन होती. इतके मौल्यवान यान लोकांनी मातीत का उतरवले, हा प्रश्न तेव्हा मनात रुतून बसला. उत्तर शोधता शोधता मी त्या मातीपर्यंत पोहोचलो.

लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, सॅन गॅब्रिएल पर्वतरांगेच्या पलीकडे, साधारण १०० किलोमीटरवर मोहावे वाळवंटाचा पश्चिम कोपरा आहे. हिमयुगात इथे एक मोठे सरोवर होते. हवामान कोरडे होत गेले, सरोवर आटले आणि त्याच्या जागी काही उथळ, सपाट खोलगट भाग उरले. त्यांतील सर्वांत मोठा म्हणजे रॉजर्स कोरडे तळे. त्याची लांबी सुमारे २० किलोमीटर आहे आणि समुद्रसपाटीपासून उंची सुमारे २,३०० फूट. शेजारीच रोझामंड नावाचे दुसरे, थोडे लहान तळे आहे. डोंगरावरून वाहून आलेला बारीक गाळ आणि चिकणमाती हजारो वर्षे इथे साचत राहिली आणि उन्हाने भाजून दगडासारखी घट्ट झाली.

ही जमीन नुसती सपाट नाही, ती दरवर्षी स्वतःला पुन्हा सपाट करते, आणि मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते. उन्हाळ्यात मातीला भेगा पडतात, विमानांच्या चाकांनी चाकोऱ्या उमटतात, पृष्ठभाग खरवडला जातो. मग हिवाळ्यात थोडा पाऊस पडतो. पाणी वाहून जायला वाट नसल्याने तळ्यावर काही इंचांचा पातळ थर साचतो. वाळवंटातला वारा तो थर या काठावरून त्या काठापर्यंत आणि परत असा ढकलत राहतो, त्याबरोबर बारीक गाळ भेगांत आणि चाकोऱ्यांत जाऊन बसतो, आणि वसंतात ऊन तापू लागले की पाणी उडून जाऊन मागे नवी कोरी जमीन उरते. एखाद्या घराची जमीन दर सणाला नव्याने सारवली जावी तसे हे सारवण निसर्ग करतो, आणि तेही विमानतळाच्या कोणत्याही अंदाजपत्रकात बसणार नाही एवढ्या मोठ्या क्षेत्रावर. त्या थोड्या आठवड्यांत तळ्यात अगदी लहान कोळंबीसारखे जीव दिसू लागतात. त्यांची अंडी वर्षानुवर्षे सुक्या मातीत निपचित पडून राहिलेली असतात, पाणी लागताच ती फुटतात, आणि त्यांना टिपायला पक्षी येतात. पुढे पाणी आटते आणि नवी अंडी पुन्हा मातीत जाऊन वाट पाहू लागतात.

माणसांच्या बाजूने ही कथा १९१० मध्ये सुरू होते. त्या वर्षी कोरम नावाचे कुटुंब या तळ्याकाठी जमीन घेऊन राहायला आले. विहिरी खणणे, शेती करणे आणि इतरांना येऊन वसायला मदत करणे हा त्यांचा उद्योग होता. वस्तीला टपाल कार्यालय मिळण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी आपल्या आडनावाचा आग्रह धरला, पण जवळजवळ तशाच नावाचे कोराम हे गाव कॅलिफोर्नियात आधीच होते. म्हणून आडनावाची रोमन अक्षरे उलट्या क्रमाने लिहिली गेली आणि ‘म्युरॉक’ हे नाव जन्माला आले. पुढची जवळजवळ चाळीस वर्षे हे ठिकाण त्याच नावाने ओळखले गेले.

लष्कराची नजर इथे पडली ती १९३३ मध्ये. रिव्हरसाइडजवळच्या मार्च फील्ड या तळाचे प्रमुख हेन्री ‘हॅप’ अर्नोल्ड आपल्या वैमानिकांना बॉम्बफेक आणि गोळीबाराचा सराव करता येईल अशी मोकळी जागा शोधत होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांच्या मोजक्या सैनिकांनी म्युरॉकच्या तळ्याकाठी सरावाचे क्षेत्र आखायला सुरुवात केली. हेच अर्नोल्ड पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या संपूर्ण लष्करी हवाई दलाचे प्रमुख झाले. युद्धकाळात इथे बॉम्बफेकी विमानांचे चमू तयार होऊन आघाडीवर जात असत. त्यांच्या सरावासाठी १९४३ मध्ये तळ्याच्या मातीवर एका जपानी युद्धनौकेची पूर्णाकृती प्रतिकृती लाकडाने उभारण्यात आली. तिची लांबी सुमारे ६५० फूट होती आणि तिला ‘म्युरॉक मारू’ म्हणत. उन्हाच्या झळांमध्ये, मृगजळाच्या थरावर, ती खरोखरच पाण्यात तरंगत असल्यासारखी दिसे. युद्ध संपल्यावरही काही वर्षे ती त्या कोरड्या तळ्यात तशीच नांगरलेली होती. १९५० मध्ये ती उतरवण्यात आली.

पण तळाचे भाग्य बदलले ते सराव क्षेत्रापासून दूर, तळ्याच्या उत्तर काठावर. १९४२ च्या सप्टेंबरमध्ये बेल कंपनीने बांधलेले अमेरिकेचे पहिले जेट विमान, एक्सपी-५९ए, सुटे करून रेल्वेने इथे आणण्यात आले. जेट इंजिनाची गोष्ट तेव्हा इतकी गुप्त होती की विमान जमिनीवर असताना त्याच्या नाकाला एक खोटा पंखा लावून ठेवत, म्हणजे लांबून पाहणाऱ्याला ते साधेच विमान वाटावे. १ ऑक्टोबर १९४२ रोजी धावण्याच्या चाचणीत त्याची चाके जमिनीवरून सुटली आणि दुसऱ्या दिवशी अधिकृत पहिले उड्डाण झाले. या विमानासाठी म्युरॉक का, याचे उत्तर गुप्ततेत आहे तितकेच मातीत आहे. सुरुवातीची जेट इंजिने हळूहळू वेग धरत, त्यामुळे विमानाला हवेत उठण्यापूर्वी लांबवर धावावे लागे, आणि इंजिन मध्येच बंद पडले तर परत कुठे टेकायचे हा प्रश्न असे. या तळ्यावर वैमानिकाला दिशा निवडावी लागत नव्हती. जिकडे नाक वळेल तिकडे धावपट्टी होती.

ही मोकळीक १९४६ नंतर फार मोलाची ठरली. त्या वर्षी ३० सप्टेंबरला वॉल्ट विल्यम्स यांच्या नेतृत्वाखाली नाका या सरकारी विमानविद्या संस्थेचे पहिले अभियंते व्हर्जिनियातून म्युरॉकला पोहोचले. नाका म्हणजे आजच्या नासाची पूर्वज संस्था. त्यांचे काम ध्वनीच्या वेगाजवळ विमानाचे काय होते ते मोजण्याचे होते. बेल एक्स-१ हे नारिंगी रंगाचे रॉकेट-विमान त्यासाठीच बांधले होते. त्याला हवेत नेऊन सोडणाऱ्या बी-२९ या बॉम्बफेकी विमानाच्या पोटाखाली टांगण्यासाठी आधी जमिनीत खणलेल्या खड्ड्यात उतरवत, वर बी-२९ आणून उभे करत आणि मग खालून वर उचलून जोडत.

१४ ऑक्टोबर १९४७ रोजी एक्स-१ ने ध्वनीचा वेग ओलांडला ही गोष्ट अनेकांना माहीत आहे, तरी तिच्यातील एक तांत्रिक बाब नेहमी मागे पडते म्हणून मी ती इथे सांगतो. ध्वनीच्या वेगाजवळ पोहोचताच एक्स-१ चे नाक वर किंवा खाली करणे अशक्य होऊ लागले होते, कारण शेपटीच्या आडव्या पंखावर तयार होणारी आघातलहर त्या पंखामागच्या हलत्या पट्टीला निकामी करून टाकत होती. अभियंता-वैमानिक जॅक रिडली यांनी सुचवले की ती पट्टी विसरून संपूर्ण आडवा पंखच थोडाथोडा हलवावा. तशी सोय विमानात होतीच. तिच्या जोरावर हवाई दलाचे वैमानिक चक येगर यांनी त्या दिवशी सुमारे ४३,००० फुटांवर मॅक १.०६, म्हणजे ध्वनीच्या १.०६ पट, वेग गाठला. दोनच दिवसांपूर्वी घोड्यावरून पडून त्यांच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या आणि विमानाचे दार ओढून बंद करण्यासाठी रिडली यांनीच त्यांना झाडूच्या दांड्याचा तुकडा कापून दिला होता. इंधन संपलेले, इंजिन थंड झालेले ते विमान तरंगत खाली आले आणि तळ्यावर टेकले. पुन्हा वर जाऊन दुसऱ्यांदा प्रयत्न करण्याची मुभा अशा विमानाला नसते. ही बातमी अमेरिकन सरकारने अधिकृतपणे मान्य केली ती थेट १९४८ च्या जून महिन्यात.

या उड्डाणांनंतरचे काम कुणाच्या हातात जात असे, हे मला उशिरा कळले आणि त्याने मी भारावून गेलो. विमानातील उपकरणे वेग, दाब, त्वरण यांच्या नोंदी फिल्मवर रेघांच्या रूपात उतरवत. त्या रेघा वाचून, मोजून, त्यांचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या स्त्रिया होत्या आणि त्यांच्या पदाचे नाव ‘संगणक’ असे होते. रॉक्सॅना यान्सी या त्यांच्या प्रमुख. वाळवंटातल्या धुळीत आणि साध्या यांत्रिक गणकयंत्रांवर त्यांनी काढलेल्या आकड्यांवरच पुढच्या उड्डाणाला किती वेगाने जायचे ते ठरे. येगर यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. यान्सी यांचेही असायला हवे.

त्याच काळात तळ्याच्या उत्तर भागात जॉन पॉल स्टॅप हे लष्करी डॉक्टर स्वतःला रॉकेटच्या गाड्यावर बांधून घेत आणि रुळांवरून सुसाट जाऊन एका झटक्यात थांबत. माणसाचे शरीर किती मोठा धक्का सहन करू शकते ते त्यांना जाणून घ्यायचे होते. पुढे त्यांनी मोटारींत सुरक्षा पट्टे यावेत यासाठी जिवाचे रान केले. ‘जे चुकू शकते ते चुकतेच’ हा मर्फी यांच्या नावाने ओळखला जाणारा नियमही १९४९ मध्ये याच प्रयोगांच्या वेळी, उलटी जोडली गेलेली मापनयंत्रे पाहून तोंडातोंडी झाला.

एडवर्ड्स हे नाव मात्र एका मृत्यूतून आले. १९४८ च्या ३ मे रोजी नाकाचे वैमानिक हॉवर्ड लिली यांचे स्कायस्ट्रीक विमान उड्डाण घेताच कोसळले. इंजिनाचे तुकडे होऊन त्यांनी नियंत्रणाच्या तारा कापून टाकल्या होत्या. सुमारे महिन्याभराने, ५ जूनला, वायबी-४९ हे शेपूट नसलेले, नुसते पंखच असलेले प्रचंड विमान हवेतच मोडले आणि त्यातील पाचही जण मरण पावले. त्यांत कॅप्टन ग्लेन एडवर्ड्स होते, वय ३०. युद्धात उत्तर आफ्रिकेत लढून आल्यावर त्यांनी प्रिन्स्टन विद्यापीठातून वैमानिकी अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी घेतली होती. कॅलिफोर्नियाच्या या तरुणाचे नाव १९४९ च्या डिसेंबरमध्ये म्युरॉकच्या तळाला देण्यात आले. त्याच विमानातील मेजर डॅनियल फोर्ब्स यांचे नाव कॅन्ससमधील एका तळाला मिळाले, आणि लिली यांचे नाव आज नासाच्या तिथल्या केंद्राच्या पत्त्यात आहे. या तळावर पत्ता विचारणाऱ्याला उत्तरात अनेकदा एखाद्या गेलेल्या वैमानिकाचेच नाव ऐकू येते.

तळ वाढू लागला तशी माणसांची वस्ती मागे सरली. तळ्यावरून जाणारा लोहमार्ग उत्तरेला हलवला गेला आणि म्युरॉक गाव नकाशावरून पुसले गेले. या विस्थापितांत सर्वांत प्रसिद्ध होत्या फ्लोरेन्स ‘पॅन्चो’ बार्न्स. त्या स्वतः वैमानिक होत्या आणि १९३० मध्ये त्यांनी स्त्रियांच्या वेगाचा विक्रम अमेलिया इअरहार्ट यांच्याकडून हिसकावला होता. १९३० च्या दशकातच त्यांनी म्युरॉकजवळ शेतजमीन घेतली. तिथेच त्यांनी उभारलेले अतिथीगृह चाचणी वैमानिकांचे दुसरे घर झाले. येगर आणि त्यांचे सहकारी संध्याकाळी तिथे जमत. हवाई दलाला विस्तारासाठी ती जमीन हवी होती. बार्न्स न्यायालयात गेल्या. १९५३ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्या इमारती आगीत जळून गेल्या आणि अखेरीस न्यायालयाने त्यांना ४,१४,५०० डॉलरची भरपाई दिली. रक्कम मोठी होती, पण ज्या जागेने वैमानिकांना इतकी वर्षे आसरा दिला ती जागा गेलीच. देशाच्या गरजेपुढे एका बाईची शेती लहान असते हे मला मान्य आहे, तरीही तिच्याशी झालेला व्यवहार या तळाच्या इतिहासातील कटू पान आहे असेच मी म्हणेन.

१९५० च्या दशकात विक्रम इतक्या झपाट्याने मोडले की ते सगळे सांगण्यात अर्थ नाही. १९५३ मध्ये स्कॉट क्रॉसफील्ड यांनी ध्वनीच्या दुप्पट वेग ओलांडला, तर १९५६ मध्ये मेल ॲप्ट यांनी तिप्पट. ॲप्ट त्याच उड्डाणातून परत आले नाहीत. या दशकात १५,००० फूट लांबीची काँक्रीटची धावपट्टीही बांधली गेली, पण खरी परीक्षा पाहणारी विमाने तळ्याकडेच जात राहिली.

त्यांतील सर्वांत अचाट विमान म्हणजे एक्स-१५ हे रॉकेट-विमान. १९५९ ते १९६८ या काळात त्याची १९९ उड्डाणे झाली. १९६३ मध्ये जो वॉकर यांनी ते ३,५४,२०० फुटांवर नेले आणि १९६७ मध्ये पीट नाइट यांनी ताशी ४,५२० मैल वेग गाठला. बी-५२ विमान त्याला दूर नेवाडा किंवा युटावर नेऊन सोडत असे आणि तिथून एडवर्ड्सपर्यंतच्या मार्गाखाली अनेक कोरडी तळी संकटकाळच्या उतरणीसाठी निवडून ठेवलेली असत, म्हणजे वाळवंटातील तळ्यांची ती जणू एक साखळीच होती. एक्स-१५ ला मागच्या बाजूला चाकेच नव्हती, पोलादी घसरपट्ट्या होत्या. ताशी सुमारे ३२० किलोमीटर वेगाने टेकून त्या मातीत दोन लांब रेघा ओढत जात. १९६२ च्या एप्रिलमध्ये नील आर्मस्ट्राँग यांचे एक्स-१५ परतताना विरळ हवेत वळेना. ते एडवर्ड्स ओलांडून पॅसाडिनाच्या दिशेने गेले आणि तिथून वळून कसेबसे तळ्याच्या दक्षिण टोकाला, जोशुआ वृक्षांच्या पलीकडे, टेकले. तळे आणखी आखूड असते तर चंद्रावरचे पहिले पाऊल वेगळ्याच कुणाचे असते. मायकेल ॲडम्स यांना मात्र तळ्यापर्यंत पोहोचता आले नाही. १५ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचे एक्स-१५ प्रचंड वेगात गिरक्या घेऊ लागले आणि हवेतच मोडले.

तळे नेहमीच दयाळू होते असे नाही. त्याचा सपाटपणाच कधी कधी घातक ठरे, कारण वरून येणाऱ्या वैमानिकाला एकसारख्या मातीकडे पाहून आपण जमिनीपासून किती उंच आहोत हे कळत नाही. म्हणून तळ्यावर काळ्या जाड रेघांनी धावपट्ट्या आखलेल्या असत. १० मे १९६७ रोजी ब्रूस पीटरसन पंखांशिवाय तरंगणारे एम२-एफ२ हे प्रायोगिक यान उतरवत असताना ते डोलू लागले आणि आखलेल्या पट्टीपासून बाजूला सरकले. रेघा नसलेल्या जागी त्यांना उंचीचा अंदाज आला नाही, चाके पूर्ण बाहेर येण्याआधीच यान जमिनीला लागले आणि कोलांट्या खात गेले. ते वाचले, पण पुढे त्यांचा एक डोळा गेला. या यानांची सुरुवात १९६३ मध्ये पॉंटिॲक मोटारीने तळ्यावरून ओढलेल्या, प्लायवूडच्या एका बेढब नावेसारख्या यानाने झाली होती. इंजिनाशिवाय, पंखांशिवाय, अवकाशातून येऊन नेमक्या जागी उतरता येते हे त्यांनीच सिद्ध केले.

म्हणूनच कोलंबिया मातीत उतरले. १४ एप्रिल १९८१ रोजी जॉन यंग आणि रॉबर्ट क्रिपेन यांनी आणलेले ते यान अपेक्षेपेक्षा बरेच पुढे तरंगत जाऊन टेकले. काँक्रीटच्या धावपट्टीवर ही चिंतेची बाब ठरली असती, पण तळ्यावर पुढेही कित्येक किलोमीटर जमीन शिल्लक होती. पुढच्या वर्षी मार्चमध्ये मात्र तळे पावसाने ओले झाले होते, आणि जगातील सर्वांत गुंतागुंतीच्या या वाहनाला त्या काही इंच पाण्यामुळे न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्सला उतरावे लागले. कोलंबिया आणि त्याच्यासारख्या इतर यानांच्या मिळून एकूण ५४ अवकाशफेऱ्या एडवर्ड्सला संपल्या, शेवटची ११ सप्टेंबर २००९ रोजी. १९८५ मध्ये रॉजर्स तळ्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. इमारतीला नव्हे, विमानाला नव्हे, तळ्यालाच मिळाला, याचा मला फार आनंद वाटतो.

एक्स-१५ च्या दिवसांत हिवाळा संपत आला की उड्डाणे थांबलेली असत आणि सगळे जण माती वाळण्याची वाट पाहत. तळे वजन पेलायला तयार झाले की नाही हे ठरवण्याची रीत अगदी साधी होती. कुणीतरी तळ्यात चालत जाई, साधारण माणसाच्या उंचीवरून एक जड पोलादी गोळा जमिनीवर सोडी, आणि खाली वाकून मातीत पडलेल्या खळीची रुंदी मोजी. खळी रुंद भरली तर गोळा उचलून तो परत येई, आणि काही दिवसांनी पुन्हा जाई.